अपंगत्वाचा टक्का आणि फिजिओचा कागद

अजमान ओलांडून उम्म अल क्वैनच्या दिशेने निघाले की समुद्राच्या बाजूला शारजाचा एक तुकडा लागतो. तोच हमरिया. इथला फ्री झोन १९९५ साली सुरू झाला. पोलाद, पेट्रोकेमिकल, जहाजांची दुरुस्ती, तेलविहिरींना लागणारे लोखंडी सांगाडे, लाकूड, अत्तरे, खाद्यपदार्थ असा सगळा पसारा तिथे आहे. या पसाऱ्यात मराठी माणूसही आहे. कोणी वेल्डर, कोणी फोरमन, कोणी क्वालिटीत, कोणी स्टोअरमध्ये, तर कोणी हिशेबाच्या टेबलावर. जिथे वजन उचलायचे, शिडी चढायची आणि उन्हात उभे राहायचे, तिथे पाठ, खांदा, गुडघा आणि घोटा यांची तक्रार ही ठरलेलीच.

दुखापत मोठी असली की माणसाच्या हातात तीन प्रकारचे कागद येतात. पहिला डॉक्टरचा, दुसरा कंपनीचा किंवा विम्याचा आणि तिसरा फिजिओथेरपिस्टचा. पहिले दोन आपण प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये जपून ठेवतो. तिसरा बहुधा गाडीच्या डॅशबोर्डवर पडून राहतो. हा तिसरा कागद आपण समजतो त्यापेक्षा बराच मोलाचा ठरू शकतो, मात्र तो नीट लिहिलेला असला पाहिजे. तो कसा लिहावा याची एक जागतिक पद्धत ठरलेली आहे. आपल्या फिजिओला ती माहीत आहे का, आणि माहीत असली तरी तो ती वापरतो का, हा प्रश्न आपल्या आरोग्याचा आहे तसाच खिशाचाही आहे.

या पद्धतीचे नाव आयसीएफ. जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेने २२ मे २००१ रोजी तिला मान्यता दिली. पूर्ण नाव लांबलचक आहे. मराठीत सांगायचे तर कार्यक्षमता, अपंगत्व आणि आरोग्य यांचे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण. याच संघटनेचे दुसरे वर्गीकरण आपल्या जास्त ओळखीचे आहे, ते आयसीडी. विम्याच्या फॉर्मवर डॉक्टर जो एम ५४ वगैरे आकडा घालतात, तो आयसीडीचा, म्हणजे रोगाचा आकडा. आयसीडी सांगते की माणसाला झाले काय. आयसीएफ सांगते की त्यामुळे त्याचे काय अडले. दोघी सख्ख्या बहिणी आहेत, पण एकीचे नाव प्रत्येक बिलावर येते आणि दुसरीला दवाखान्यात फारसे कोणी विचारत नाही.

हे सहज घडलेले नाही, त्याला थोडा इतिहास आहे. मूळचे इजिप्तचे असलेले समाजशास्त्रज्ञ साद नागी यांनी अमेरिकेत १९६५ साली प्रथम अशी मांडणी केली की रोग, शरीरातील बिघाड, कामातील मर्यादा आणि अपंगत्व या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेतील फिजिओथेरपिस्ट मंडळींनी हीच मांडणी पुढे अनेक वर्षे आपली मानली. १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने स्वतःची एक मांडणी आणली. तीत बिघाड, अपंगत्व आणि 'हँडिकॅप' अशा तीन पायऱ्या होत्या. तिच्यावर टीका झाली ती अशी की तीत बाण एकाच दिशेने जातो. शरीर बिघडले, म्हणून काम अडले, म्हणून माणूस समाजात मागे पडला. यात इमारतीच्या पायऱ्या, बसची उंची, साहेबाचा स्वभाव, घरच्यांची साथ यांना जागा कुठे आहे? अपंगांच्या संघटनांनी हा प्रश्न लावून धरला, आणि २००१ साली आलेल्या आयसीएफने ही जागा करून दिली. अमेरिकन फिजिओथेरपी संघटनेने २००८ साली नागींची मांडणी बाजूला ठेवून आयसीएफचा स्वीकार केला.

आता ही पद्धत आहे तरी काय, ते एका उदाहरणाने पाहू. उदाहरण कल्पित आहे, पण हमरियात राहणाऱ्या कोणालाही ते अनोळखी वाटणार नाही.

समजा, एक फॅब्रिकेटर आहे. वय बेचाळीस, गाव सांगली जिल्ह्यातले. यार्डात शिडीवरून पडला आणि उजव्या घोट्याचे हाड मोडले. ऑपरेशन झाले, प्लेट आणि स्क्रू बसले. चार महिन्यांनी एक्स-रेवर हाड जुळलेले दिसते. डॉक्टर लिहितात, 'फ्रॅक्चर हील्ड.' म्हणजे आयसीडीच्या दृष्टीने प्रकरण मिटल्यात जमा. पण माणसाला विचाराल तर घोटा वर वळत नाही, उकिडवे बसता येत नाही, शिडीच्या तिसऱ्या पायरीवर पाय थरथरतो आणि लेबर कँपमध्ये वरच्या बंकवर चढताना रूममेटचा हात धरावा लागतो.

आयसीएफ या माणसाचे वर्णन चार कप्प्यांत करते. पहिला कप्पा शरीराच्या कार्याचा, त्याचे अक्षर बी. यात वेदना (बी २८०), सांध्याची हालचाल (बी ७१०) आणि स्नायूंची ताकद (बी ७३०) येतात. दुसरा शरीराच्या रचनेचा, अक्षर एस. घोटा आणि पाऊल यांचा आकडा एस ७५०२. तिसरा कप्पा सर्वांत महत्त्वाचा, तो क्रिया आणि सहभाग यांचा, अक्षर डी. चालणे डी ४५०, उकिडवे बसणे डी ४१०१, चढणे डी ४५५१, वजन उचलणे आणि वाहून नेणे डी ४३०, आणि पगारी नोकरी करणे डी ८५०. होय, नोकरीलासुद्धा आकडा आहे! चौथा कप्पा भोवतालचा, अक्षर ई. काठी, वॉकर, चाकाची खुर्ची, घरची माणसे, हाताखाली किंवा डोक्यावर असणारी माणसे आणि हवामानही त्यात येते. ऑगस्टमध्ये यार्डात उभे राहिलेल्या माणसाला हवामान हा अपंगत्वाचा घटक कसा काय, असा प्रश्न पडणार नाही. यापलीकडे माणसाचे वय, शिक्षण, सवयी यांचा पाचवा कप्पाही मांडणीत आहे, पण त्याला आकडे दिलेले नाहीत.

एकंदर आकडे सुमारे चौदाशे आहेत. घाबरण्याचे कारण नाही, कोणताही फिजिओ ते पाठ करत नाही. पाठदुखी, पक्षाघात, संधिवात अशा नेहमीच्या दुखण्यांसाठी निवडक आकड्यांच्या छोट्या याद्या तयार आहेत, त्यांना कोअर सेट म्हणतात. प्रत्येक आकड्यापुढे शून्य ते चार असा अडचणीचा अंक द्यायचा. शून्य म्हणजे अडचण नाही, एक थोडी, दोन मध्यम, तीन बरीच आणि चार म्हणजे संपूर्ण.

यातला सगळ्यात उपयोगी भाग मात्र आकड्यांत नाही, तो एका भेदात आहे. आयसीएफ दोन गोष्टी वेगळ्या लिहायला सांगते. एक, माणसाची क्षमता, म्हणजे ठरावीक, सारख्या परिस्थितीत त्याला काय जमते. दुसरी, त्याची प्रत्यक्ष कामगिरी, म्हणजे तो जिथे राहतो आणि काम करतो तिथे काय जमते. आपला फॅब्रिकेटर दवाखान्याच्या गुळगुळीत, वातानुकूलित मार्गिकेत सहा मिनिटे छान चालतो. तोच यार्डातल्या जाळीच्या प्लॅटफॉर्मवर, वाळूत, सेफ्टी शूज घालून, खांद्यावर केबल घेऊन अर्धा तास टिकत नाही. पहिल्या निरीक्षणावर 'फिट टू वर्क' असा शिक्का बसतो. दुसरे निरीक्षण कोणी लिहिलेच नाही, तर ते झालेच नाही असे धरले जाते.

याचे उलट टोकही आहे, आणि ते आपल्या देशातले आहे. १९६८ साली जयपूरला डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी जयपूर फूट तयार केला. तोवरचे विलायती कृत्रिम पाय बूट घालून खुर्चीवर बसणाऱ्या माणसासाठी केलेले होते. आपल्या शेतकऱ्याला मांडी घालायची असते, उकिडवे बसायचे असते, अनवाणी चिखलात उतरायचे असते. तुटलेला पाय तोच होता, इजाही तीच होती, पण कोणत्या पायाने माणूस शेतात परत जाईल हा प्रश्न विचारला गेला आणि उत्तर बदलले. आयसीएफ यायच्या तेहतीस वर्षे आधीच या दोघांनी तिचा डी कप्पा आणि ई कप्पा वापरला होता, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

फिजिओला हे माहीत असते का?

बहुतेकांना नाव माहीत असते. भारतात फिजिओथेरपीचे पद्धतशीर शिक्षण सुरू झाले तेच मुंबईत, केईएम रुग्णालयात, १९५३ साली. पोलिओचे दिवस होते. जागतिक आरोग्य संघटना, त्या वेळचे मुंबई सरकार आणि महानगरपालिका यांनी मिळून ते विद्यालय उभे केले. आज नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या फिजिओथेरपी अभ्यासक्रमात आयसीएफचा समावेश आहे. इथल्या दवाखान्यांत भारतातून शिकून आलेले फिजिओ पुष्कळ आहेत. तरुण असतील तर त्यांनी परीक्षेत ही मांडणी लिहिलेली असते. जुन्या पिढीतल्यांनी नागींची किंवा १९८० ची मांडणी शिकलेली असते, आणि त्यांतले काही अनुभवाने इतके पक्के असतात की आयसीएफचे नाव न घेताही त्यांचे प्रश्न नेमके त्याच कप्प्यांतले असतात. नाव न जाणता काम करणारा केव्हाही परवडला, नाव जाणून काम न करणाऱ्यापेक्षा!

वेगवेगळ्या देशांत फिजिओथेरपिस्टना याबद्दल विचारले गेले तेव्हा साधारण एकच चित्र दिसले. ऐकले आहे म्हणणारे बरेच, समजले आहे म्हणणारे त्याहून कमी, आणि रोजच्या नोंदीत वापरतो म्हणणारे आणखी कमी. कारणेही ठरलेली असतात: वेळ नाही, फॉर्ममध्ये रकाना नाही, वरिष्ठ मागत नाहीत.

मला वाटते, यातले दुसरे कारण सगळ्यात खरे आहे. अमिरातीत विम्याचा दावा आयसीडीच्या रोगाच्या आकड्यावर आणि उपचाराच्या आकड्यावर चालतो. सहा सेशन हवीत तर रोगाचा आकडा, उपचाराचा आकडा आणि डॉक्टरची चिठ्ठी पुरते. पेशंटला शिडी चढता येते का, हे विमा कंपनीचा संगणक विचारत नाही. मग अर्ध्या तासात एक पेशंट बघणारा फिजिओ ते कशाला लिहील? तो 'वेदना सातवरून चारवर, हालचालीत सुधारणा' असे लिहितो आणि पुढच्याला बोलावतो. यात त्याचा आळस नाही. ज्या गोष्टीचे पैसे मिळतात तीच लिहिली जाते, हा जगभरचा नियम आहे.

तेव्हा मागणी पेशंटकडून यायला हवी. पहिल्या भेटीत फिजिओ काय विचारतो ते पाहा. फक्त 'कुठे दुखते' आणि 'किती दुखते' एवढ्यावर थांबला, तर आपणच सांगावे: राहतो तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट आहे की नाही, कामात काय उचलतो, किती वेळ उभा असतो, शौचालय कोणत्या पद्धतीचे आहे, गाडी चालवावी लागते का, झोप कशी लागते. आणि विनंती करावी की उपचाराचे ध्येय या भाषेत लिहा. 'गुडघा १२० अंश वाकवणे' हे ध्येय फिजिओचे झाले. 'कंपनीच्या बसच्या पायऱ्या आधाराशिवाय चढणे' हे ध्येय आपले. चांगला फिजिओ दोन्ही लिहितो, आणि पहिले दुसऱ्यासाठी आहे हे विसरत नाही.

घरच्या घरी करण्यासारखीही एक गोष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेने आयसीएफच्या आधारावर एक प्रश्नावली केली आहे, तिचे नाव व्होडास. तिची दुसरी आवृत्ती २०१० साली आली. छत्तीस प्रश्नांचे आणि बारा प्रश्नांचे अशी तिची रूपे आहेत, आणि विचारणा गेल्या तीस दिवसांबद्दल असते. समजणे आणि बोलणे, फिरणे, स्वतःची काळजी, लोकांशी जमवून घेणे, घरकाम व नोकरी, आणि समाजातला वावर असे तिचे सहा भाग आहेत. प्रश्नावली मिळाली नाही तरी हरकत नाही. साध्या वहीत या सहा मथळ्यांखाली आठवड्यातून एकदा दोन-दोन ओळी लिहून ठेवल्या आणि पुढच्या भेटीत फिजिओसमोर ठेवल्या, तर त्याच्या नोंदीत त्या उतरण्याची शक्यता खूपच वाढते. नुसते तोंडी सांगितलेले विरून जाते.

पैशाची बाजू

आता खिशाकडे वळू. हमरिया फ्री झोन असला तरी कामगार कायद्याच्या बाबतीत तिथे संघराज्याचाच कायदा लागतो. दुबई आणि अबू धाबी इथल्या दोन वित्तीय फ्री झोनची गोष्ट वेगळी, त्यांचे स्वतःचे कायदे आहेत. सध्याचा कायदा २०२१ चा क्रमांक ३३, तो २ फेब्रुवारी २०२२ पासून लागू झाला. त्यातल्या ३७ व्या कलमानुसार कामावर दुखापत झाली तर बरे होईपर्यंतचा उपचाराचा खर्च मालकाने करायचा. उपचाराच्या काळात पूर्ण पगार द्यायचा, पण जास्तीत जास्त सहा महिने. उपचार त्यापुढे गेले तर आणखी सहा महिने अर्धा पगार, किंवा माणूस बरा होईपर्यंत अथवा अपंगत्व निश्चित होईपर्यंत, यातले जे आधी घडेल तोवर.

कामावरच्या अपघातात मृत्यू आला तर वारसांना चोवीस महिन्यांचा मूळ पगार भरपाई म्हणून मिळतो. ही रक्कम १८,००० दिरहमपेक्षा कमी असू शकत नाही आणि २,००,००० दिरहमपेक्षा जास्त असू शकत नाही. कायमचे संपूर्ण अपंगत्व आले तरीही एवढीच रक्कम. आणि कायमचे अंशतः अपंगत्व आले तर या रकमेचा ठरावीक टक्का. हा टक्का तक्त्यावरून आणि वैद्यकीय अहवालावरून ठरतो.

इथे दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. पहिली म्हणजे 'मूळ पगार' हा शब्द. एकाचा महिन्याचा पगार ५,००० दिरहम आहे, पण त्यात मूळ पगार ३,००० आणि बाकीचे भत्ते. त्याचे चोवीस महिन्यांचे ७२,००० होतात, आणि अपंगत्व तीस टक्के ठरले तर हातात २१,६०० येतात. दुसऱ्याचा एकूण पगार तेवढाच, पण मूळ पगार २,००० दाखवलेला. त्याचे ४८,००० होतात आणि तीस टक्क्यांचे १४,४००. दुखापत तीच असूनही ७,२०० दिरहमचा फरक पडला, आणि तो करारावर सही केली त्या दिवशीच ठरून गेला होता. करार हातात आल्यावर आपण एकूण आकडा बघतो. मधल्या रेषा बघत नाही.

दुसरी गोष्ट टक्क्याची. तक्ता असतो तो अवयवांचा. कोणते बोट, कोणता हात, किती दृष्टी. अवयव गेला तर तक्ता स्पष्ट बोलतो. पण अवयव जागेवर आहे आणि चालत नाही, तेव्हा सगळी भिस्त अहवालाच्या शब्दांवर येते. उपचार संपल्यावरच्या वैद्यकीय अहवालात दुखापत कामामुळे झाली का, उपचार किती काळ चालले, अपंगत्व उरले का, किती, आणि ते असताना माणूस काम चालू ठेवू शकतो का, हे मुद्दे यावे लागतात. यातला शेवटचा मुद्दा वाचा, तो थेट आयसीएफच्या डी कप्प्यातला आहे. डॉक्टरकडे त्याचे उत्तर देण्यासाठी एक्स-रे असतो. फिजिओकडे चार महिन्यांची नोंद असते. ती नोंद 'वेदना चार' एवढीच असेल तर डॉक्टर तिच्यातून काय काढणार? 'शिडीवर पाच पायऱ्यांपलीकडे चढता येत नाही, दहा किलोपेक्षा जास्त वजन घेऊन चालता येत नाही, उकिडवे बसून वेल्डिंग करता येत नाही, टेबलावरचे काम पूर्ण वेळ करता येते' असे तारीखवार लिहिलेले असेल, तर डॉक्टरला आधार मिळतो. कंपनीलाही मिळतो. वरच्या ओळीतला शेवटचा भाग पाहा. अशा नोंदीतून माणूस घरी पाठवण्याऐवजी यार्डातून इन्स्पेक्शनच्या टेबलावर जाऊ शकतो. नोंद नसेल तर फिट आणि अनफिट असे दोनच शब्द उरतात, आणि दोन्ही त्याच्या तोट्याचे ठरू शकतात.

एक सावधगिरीची सूचना. आयसीएफच्या शून्य ते चार अंकांनाही टक्क्यांच्या मर्यादा आहेत. 'थोडी अडचण' म्हणजे ५ ते २४ टक्के, 'मध्यम' म्हणजे २५ ते ४९, 'बरीच' म्हणजे ५० ते ९५. हे टक्के आणि कायद्यातल्या भरपाईचे टक्के यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. फिजिओने चढण्यापुढे तीनचा अंक घातला म्हणून निम्मी भरपाई मिळेल, असा हिशेब कोणी करू नये. नोंदीचा उपयोग पुरावा म्हणून आहे.

कामाबाहेरचे दुखणे असेल, म्हणजे रविवारी क्रिकेट खेळताना गुडघा गेला, तर वरचे काही लागू नाही. मग आजारपणाची रजा: प्रोबेशन संपल्यावर वर्षाला ९० दिवस. पहिले १५ दिवस पूर्ण पगार, पुढचे ३० अर्धा, उरलेले ४५ बिनपगारी. खर्च विम्यातून. शारजा आणि उत्तरेकडच्या अमिरातींत खाजगी नोकरदारांना आरोग्य विमा १ जानेवारी २०२५ पासून सक्तीचा झाला, त्यापूर्वी ही सक्ती दुबई आणि अबू धाबीपुरती होती. आपल्या पॉलिसीत फिजिओथेरपी आहे का, किती सेशन आहेत, पूर्वपरवानगी लागते का आणि दर भेटीला आपला वाटा किती, हे दुखणे येण्याआधी एकदा वाचून ठेवावे. सेशन सहाच मिळणार असतील तर फिजिओला पहिल्याच दिवशी सांगावे. मग तो सहा दिवस मशीन लावण्याऐवजी पहिल्या दोन दिवसांत व्यायाम शिकवील आणि उरलेले चार महिनाभर पसरवील.

गावाकडचे कागद

परत जायची वेळ आली, की भारतातले नियम सुरू होतात, आणि इथे एक गंमत आहे. आपला २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा अपंग व्यक्तीची व्याख्या करताना म्हणतो की दीर्घकाळचा बिघाड आणि भोवतालचे अडथळे यांच्या परस्परसंबंधातून ज्याच्या समाजातल्या सहभागाला बाधा येते, तो. ही अगदी आयसीएफची भाषा झाली. पण प्रमाणपत्र द्यायची वेळ येते तेव्हा मोजमाप मुख्यतः बिघाडाचे होते, आणि बहुतेक सवलतींचे दार ४० टक्क्यांवर उघडते. ३८ टक्केवाल्याला गावातल्या घराचा जिना ४२ टक्केवाल्यापेक्षा सोपा जातो असे थोडेच आहे? तरी नियम तो नियम. या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातवरून एकवीस केले आणि आता देशभर चालणारे यूडीआयडी ओळखपत्र मिळते. अर्जासोबत इथली ऑपरेशनची कागदपत्रे, एक्स-रे आणि फिजिओचा अखेरचा अहवाल नेला तर तपासणाऱ्या मंडळाचे काम सोपे होते.

आयकरातल्या सवलतीबद्दल बऱ्याच जणांचा गैरसमज असतो. स्वतःच्या किंवा अवलंबून असलेल्या नातेवाइकाच्या अपंगत्वासाठी ७५,००० रुपये, आणि तीव्र अपंगत्व असेल तर १,२५,००० रुपये वजावट मिळते, हे खरे. १९६१ च्या कायद्यात ती कलम ८०यू आणि ८०डीडी म्हणून सर्वांना माहीत झाली. पण ती निवासी करदात्यांसाठी आहे. आपण अनिवासी असताना गावच्या भाड्यावर कर भरत असू, तरी आईच्या पक्षाघातासाठी ८०डीडी आपल्याला मिळत नाही. भारतात राहणारा भाऊ तिचा सांभाळ करत असेल, तर त्याने जुन्या करपद्धतीत ती घ्यावी. नव्या करपद्धतीत ती नाही.

ज्यांच्या पासपोर्टवर इमिग्रेशन तपासणी आवश्यक आहे, म्हणजे मुख्यतः दहावी न झालेले कामगार, त्यांच्यासाठी प्रवासी भारतीय बीमा योजना सक्तीची आहे. हप्ता दोन वर्षांचा २७५ रुपये, तीन वर्षांचा ३७५. अपघाती मृत्यू किंवा नोकरी गमावण्यास कारण ठरणारे कायमचे अपंगत्व यासाठी दहा लाख रुपयांचे संरक्षण. शब्द पुन्हा बघा, 'नोकरी गमावण्यास कारण ठरणारे'. इथेही नुसता एक्स-रे पुरणार नाही, काम का करता येत नाही हे कोणीतरी लिहून दिलेले असले पाहिजे. बऱ्याच जणांना आपल्याकडे ही पॉलिसी आहे हेच ठाऊक नसते, कारण ती गावच्या एजंटाने काढलेली असते आणि कागद त्याच्याच खणात असतो. आपल्या ओळखीत यार्डात काम करणारा असा कोणी असेल तर त्याला एवढे एक विचारावे.

ज्येष्ठांबद्दल थोडेसे. आई-वडील इथे मुलाकडे राहत असताना पक्षाघात झाला आणि मग त्यांना कोल्हापूरला किंवा रत्नागिरीला परत न्यायचे ठरले, तर इथल्या फिजिओला तिकडच्या घराचे वर्णन सांगावे, फोटो दाखवावेत. उंबरा किती उंच, न्हाणीघर अंगणात की घरात, पलंग की अंथरूण, जवळ कोण असणार. इथल्या सपाट फरशीवर वॉकर घेऊन चालणारे आजोबा तिथल्या दगडी पायऱ्यांवर अडतात, आणि मग घरचे म्हणतात, 'तिकडे तर बरे चालत होते.' क्षमता आणि कामगिरी यांतला फरक तो हाच. दोन आठवडे आधी कळले तर फिजिओ उंबऱ्याचा सराव इथेच करून घेऊ शकतो, आणि कमोडची खुर्ची, कठडा वगैरे गोष्टी भाऊ तिकडे आधीच बसवून ठेवू शकतो. त्यांचा खर्च दहा सेशनपेक्षा बहुधा कमीच येतो.

अखेरचा अहवाल मागताना पुढील गोष्टी त्यात आहेत ना, ते पाहून घ्यावे: दुखापतीची आणि पहिल्या भेटीची तारीख, किती सेशन झाली, सुरुवातीला आणि शेवटी काय करता येत होते, काय अजून करता येत नाही, कोणत्या साधनाने किंवा बदलाने ते करता येईल, आणि कामाबद्दलचे मत. खाली सही, शिक्का आणि परवान्याचा क्रमांक. शारजात परवाना आरोग्य मंत्रालयाचा असतो, दुबईत दुबई हेल्थ अथॉरिटीचा. कामावरच्या दुखापतीचे प्रकरण असेल तर कंपनीला दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच घ्यावी आणि वैद्यकीय अहवाल हातात येईपर्यंत अंतिम हिशेबाच्या कागदावर 'सर्व काही मिळाले' अशी सही करू नये. अडचण आली तर दुबईतील भारतीय वकिलातीच्या प्रवासी भारतीय सहायता केंद्रात कायदेविषयक सल्ला मिळतो. आणि हे सगळे व्हिसा रद्द होण्यापूर्वी. एकदा माणूस विमानात बसला, की दवाखान्याच्या फाइलमधून एक पान मागवायलाही इथल्या कोणाला तरी मुखत्यारपत्र द्यावे लागते.